ज्यू धर्माचरणामुळे माणूस अधिक निरोगी राहतो का?

माजघर (धागाकर्ती)

धर्माचरण आणि आरोग्य यांच्या संबंधावर आपल्याकडे चर्चा होते, तेव्हा ती बहुधा उपवास, योग आणि सात्त्विक आहार यांच्याभोवतीच फिरते. ज्यू धर्माच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारता येतो. धर्म पाळणे म्हणजे काय, हे तिथे रोजच्या कृतींतून ठरलेले आहे: काय खायचे, हात केव्हा धुवायचे, आठवड्यातून एक दिवस कोणकोणती कामे बंद ठेवायची, आजाऱ्याची विचारपूस कशी करायची. शिवाय धर्म काटेकोरपणे पाळणारे आणि जवळजवळ न पाळणारे ज्यू एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेत राहतात, त्यामुळे त्यांची तुलना करणे शक्य होते.

या विषयावर ज्याचा वारंवार उल्लेख होतो, तो अभ्यास इस्राएलमधला आहे. जेरेमी कार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ धार्मिक आणि ११ निधर्मी किबुत्झ निवडून १९७० ते १९८५ या काळातील मृत्यूंची नोंद तपासली आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. किबुत्झ म्हणजे सामाईक मालकीची वसाहत. तिथे शेती सामाईक, जेवणघर सामाईक आणि दवाखान्याची सोयही सगळ्यांना सारखी. जोड्या लावताना वसाहतीचे स्थान आणि रुग्णालयही लक्षात घेतले होते. तरीही निधर्मी वसाहतींमधील मृत्युदर धार्मिक वसाहतींच्या जवळजवळ दुप्पट आढळला आणि हा फरक मृत्यूच्या एखाद्याच कारणापुरता मर्यादित नव्हता.

हा निष्कर्ष वाचल्यावर पहिला विचार येतो तो कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांना धरून असलेल्या, आहाराचा. मला मात्र ते उत्तर पटत नाही आणि खुद्द ज्यू परंपरेतही ते सर्वांना पटलेले नाही. बाराव्या शतकातील मायमोनिडीस हे धर्मशास्त्रकार होते आणि इजिप्तमध्ये सलाउद्दीनच्या दरबारातील नामांकित वैद्यही होते. निषिद्ध मांस शरीराला अपायकारक असते, असे त्यांनी लिहिले. पंधराव्या शतकातील इसहाक अबरबानेल यांनी याला ठाम विरोध केला. इतर समाज डुकराचे मांस खातात आणि धडधाकट असतात, धर्मग्रंथाला वैद्यकाची पोथी समजणे हा त्या ग्रंथाचा अवमान आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला अबरबानेल यांचे म्हणणे बरोबर वाटते. कोशर पाकिटातही तळलेले वेफर्स आणि साखरेचे पदार्थ असतातच. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या, दुपारी जेवणात येणारे चोलेंत, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस, बटाटे, घेवडा आणि जव, हे काही हलके अन्न नव्हे.

आरोग्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट वेगळ्याच ठिकाणी आहे, असे माझे मत आहे. ज्यू धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखामध्ये, शरीर जपणे ही इच्छेची बाब नसून आज्ञा आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, एवढेच ते शास्त्र म्हणत नाही. तो मोडलाच पाहिजे, असे म्हणते. मूर्तिपूजा, निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यवध हे तीन अपवाद वगळता प्राणरक्षणापुढे प्रत्येक नियम मागे हटतो. तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथातील ‘योमा’ या भागात याला आधार म्हणून बायबलमधील लेवीय ग्रंथातले वचन दिले आहे: माणसाने आज्ञा पाळून जगावे, त्यापायी मरू नये. त्याच भागातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. उपवासाच्या दिवशी रोगी म्हणाला की मला अन्नाची गरज आहे आणि वैद्य म्हणाला की नाही, तर रोग्याचे ऐकावे, कारण आपल्या जिवाचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक असते. रोग्याच्या शब्दाला इतके वजन देणारे वचन मला इतर कुठल्याही जुन्या धर्मशास्त्रात आढळलेले नाही.

मायमोनिडीस यांनी आपल्या धर्मसंहितेत आहार, झोप आणि व्यायाम यांसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. पोट पूर्ण भरेपर्यंत जेवू नये, जेवणापूर्वी शरीराला श्रम द्यावेत, रात्री आठ तास झोपावे, हे सर्व त्यांनी वैद्यकाच्या वेगळ्या ग्रंथात न ठेवता धर्मनियमांमध्येच घातले. कारणही तिथेच दिले आहे: आजारी माणसाला ईश्वराचे ज्ञान मिळवणे अशक्य होते.

रोजच्या जीवनात हे किती खोल उतरले आहे, याचे एक उदाहरण देते. शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायची एक छोटी प्रार्थना आहे. मानवी शरीरात छिद्रे आणि पोकळ्या निर्माण केल्याबद्दल, आणि त्यांतील उघडी राहायची ती उघडी व बंद राहायची ती बंद राहिल्याबद्दल तिच्यात ईश्वराचे आभार मानलेले आहेत. त्यांतले एक जरी बिघडले, तरी माणूस उभा राहू शकणार नाही, असे पुढे म्हटले आहे. धर्मनिष्ठ घरातील मूल ही प्रार्थना बालपणीच शिकते. आपले शरीर नीट चालते आहे, याची आठवण त्याला दिवसातून अनेकदा करून दिली जाते.

असे असूनही आचरण आणि आरोग्य यांचे नाते सरळ नाही. धूम्रपानाचेच पाहा. शब्बाथला विस्तव पेटवणे निषिद्ध असल्यामुळे अतिशय धर्मनिष्ठ माणूस आठवड्यातून सुमारे २५ तास सिगारेट ओढत नाही आणि शब्बाथ संपताच पेटवतो, हे दृश्य कित्येक दशके सर्रास दिसत असे. न्यूयॉर्कचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे फाइनस्टाइन यांनी १९६४ साली धूम्रपान टाळावे असा सल्ला दिला, पण ते निषिद्ध ठरवले नाही. तेल अवीवचे प्रमुख रब्बी हाईम डेव्हिड हलेवी यांनी १९७६ साली ते निषिद्ध ठरवले. अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बींच्या प्रमुख परिषदेने तसा निर्णय द्यायला २००६ साल उजाडले. शरीर जपण्याची आज्ञा पहिल्यापासून होती. तंबाखूला ती लावायला इतका काळ का लागावा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

नदीकाठ

धागा अभ्यासपूर्ण आहे. किबुत्झच्या अभ्यासाबद्दल मात्र सावधगिरी बाळगावी, असे सुचवतो. धार्मिक किबुत्झमध्ये राहायला जाणारी माणसे आणि निधर्मी किबुत्झमध्ये जाणारी माणसे मुळातच वेगवेगळ्या स्वभावाची असू शकतात. वसाहतींच्या जोड्या कितीही काळजीपूर्वक लावल्या, तरी ही निवड पूर्णपणे पुसली जात नाही.

दुसरे असे की, धर्माचरणाचे वैद्यकीय लाभ सांगणाऱ्या पुष्कळ कथा पुराव्याशिवाय पसरतात. चौदाव्या शतकातील प्लेगमध्ये ज्यू हात धूत असल्यामुळे वाचले, असे नेहमी लिहिले जाते. प्रत्यक्षात पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४८ साली ज्यूंनीच विष घालून प्लेग पसरवला हा आरोप खोडून काढताना, ज्यूसुद्धा याच प्लेगने मरत आहेत, असे स्पष्ट म्हटले होते. भाकरीपूर्वी दुहेरी कानांच्या तांब्याने हातावर पाणी ओतण्याचा विधी हा शुद्धीचा विधी आहे. त्यासाठी हात आधीच स्वच्छ असावे लागतात. त्याला जंतुनाशक उपाय म्हणणे योग्य नाही.

माजघर

@नदीकाठ, प्लेगविषयीचा मुद्दा मान्य आहे आणि तो इथे आला हे बरे झाले. निवडीचा आक्षेपही योग्य आहे. मात्र बनेई ब्राक शहराचाही विचार करावा. तेल अवीवला लागून असलेले हे शहर हरेदी, म्हणजे अतिधर्मनिष्ठ, लोकांचे आहे. तिथे उत्पन्न कमी, घरे लहान आणि कुटुंबे मोठी असतात. इतक्या गरिबीत आयुर्मान जेवढे असायला हवे असे वाटते, त्यापेक्षा ते तिथे अधिक आहे. तिथले लोक जन्मापासूनच त्या समाजात असतात, त्यामुळे स्वभावानुसार निवड झाली असे तिथे म्हणता येत नाही. माझा कल समाजाच्या विणीकडे आहे. आजाऱ्याला भेटणे हे तिथे धर्मकर्तव्य आहे. भेटायला येणारा माणूस आजाराचा साठावा अंश घेऊन जातो, असे तालमूद म्हणते. याच वृत्तीतून १९७६ साली जेरुसलेममध्ये ‘याद सारा’ ही संस्था उभी राहिली. चाकाची खुर्ची, कुबड्या, ऑक्सिजनची उपकरणे ती घरी वापरायला देते आणि तिचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे. बाळंतपण झालेल्या घरी शेजारणी पाळीपाळीने डबे पोहोचवतात. एकटा पडलेला रुग्ण तिथे क्वचितच असतो.

दूरदेशी

मी न्यू जर्सीमध्ये वैद्यकीय क्षेत्रात काम करते आणि माझ्याकडे ऑर्थोडॉक्स ज्यू रुग्ण नियमितपणे येतात. समाजाच्या विणीबद्दल माजघर यांनी लिहिले ते खरे आहे. परंतु त्याच विणीचा ताण रुग्णांना कसा जाणवतो, हेही सांगणे आवश्यक आहे.

या समाजात बहुसंख्य विवाह मध्यस्थांमार्फत जुळतात. घरात कुणाला अपस्मार, नैराश्य किंवा कर्करोग असल्याचे बाहेर कळले, तर धाकट्या भावंडांच्या स्थळांवर परिणाम होईल, अशी भीती आईवडिलांना वाटते. त्यामुळे औषधे दूरच्या गावातील दुकानातून आणली जातात आणि मानसोपचाराला उशीर होतो. आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वेळी ह्याच समाजाने आनुवंशिक आजारांवर काढलेला तोडगा जगात नावाजलेला आहे. टे-सॅक्स या आजारात मूल जन्मतः निरोगी दिसते. पुढे काही महिन्यांत त्याचे शिकलेले सर्व हळूहळू हरपते आणि बहुधा चार-पाच वर्षांच्या आत ते दगावते. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या, ज्यूंमध्ये साधारण ३० जणांमागे एक या दोषाचा वाहक असतो. वाहकाला स्वतःला काहीच त्रास होत नाही, पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता चारांत एक असते. ब्रुकलिनचे रब्बी योसेफ एकस्टाइन यांची चार अपत्ये या आजाराने गेली. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण-तरुणींचे रक्त तपासले जाते, पण निकाल त्यांना सांगितला जात नाही, फक्त एक क्रमांक दिला जातो. स्थळ पुढे जाण्याच्या बेतात असते, तेव्हा दोघांचे क्रमांक संस्थेला कळवतात आणि जोडी योग्य आहे की नाही, एवढेच उत्तर मिळते. दोघेही वाहक असतील, तरच त्यांना कारण समजते. कुणावर शिक्का बसत नाही, गर्भपाताचा धर्मप्रश्न उभा राहत नाही आणि विवाह जुळवण्याची पद्धतही बदलावी लागत नाही.

एका ऑर्थोडॉक्स आईने मला सांगितले होते, “डॉक्टर, माझ्या मुलीने स्वतःचा क्रमांक पाठ केला आहे, पण त्या क्रमांकामागे काय लिहिले आहे हे तिला कधीच कळू नये, अशीच माझी प्रार्थना आहे.” माहितीचा अधिकार हा आपण वैद्यकातला पाया मानतो. इथे एका समाजाने जाणूनबुजून माहिती न घेण्याचा मार्ग निवडला आणि अमेरिका व कॅनडातील ज्यूंमध्ये टे-सॅक्सचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. त्या घटीत १९७१ पासून सुरू झालेल्या खुल्या तपासणी मोहिमांचाही मोठा वाटा आहे, हे नमूद करायला हवे.

स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकदोषाच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. तो अश्केनाझी ज्यूंमध्ये सुमारे ४० जणांमागे एकात आढळतो. तिथे जोडी जुळवून धोका टळत नाही. त्या स्त्रीला स्वतःला माहिती असणे हाच उपाय असतो आणि मौनाची सवय तिथे जिवावर बेतू शकते.

सागरगोटा

गोवराचा उल्लेख अजून कसा आला नाही? २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्क शहरात ६४९ जणांना गोवर झाला आणि त्यांतील बहुसंख्य ब्रुकलिनच्या ऑर्थोडॉक्स वस्त्यांमधले होते. शहराला एप्रिल २०१९ मध्ये आणीबाणी जाहीर करून तिथे लसीकरण सक्तीचे करावे लागले. शरीर जपणे ही आज्ञा असलेल्या समाजात हे घडले. मग त्या आज्ञेचा उपयोग काय झाला?

दूरदेशी

@सागरगोटा, प्रश्न रास्त आहे. लस धर्माविरुद्ध आहे, असे प्रमुख रब्बींपैकी जवळपास कुणीच म्हटले नव्हते. उलट, लस घ्यावी असेच बहुतेकांनी सांगितले. ही भूमिकाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील रब्बी इस्राएल लिपशिट्झ यांनी देवीची लस शोधणाऱ्या जेनर यांची गणना, असंख्य जीव वाचवणाऱ्या पुण्यवान परधर्मीयांमध्ये केली आहे.

घडले ते असे. घरात सात-आठ मुले असली की प्रत्येकाच्या लशीची तारीख सांभाळणे आईला अवघड जाते आणि लस लांबणीवर पडते. त्यातच लसविरोधी गटाने समाजाच्या भाषेत, धर्मवचनांची पेरणी करून पुस्तिका वाटल्या. घरात दूरदर्शन आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी हातोहात आलेल्या पुस्तिकेवर विश्वास बसतो. लग्ने आणि सण यांमुळे शेकडो माणसे सतत एकत्र येत असतात, म्हणून विषाणूलाही वाट मिळाली. याला उत्तर दिले ते ऑर्थोडॉक्स परिचारिकांनी. त्यांनी स्वतःच्या पुस्तिका काढल्या, स्त्रियांच्या छोट्या बैठका घेतल्या आणि एकेका शंकेचे निरसन केले. बाहेरच्या आरोग्याधिकाऱ्याला जे दार उघडले नसते, ते त्यांच्यासाठी उघडले.

नदीकाठ

माझ्या मते इथे अधिकाराचा मुद्दा निर्णायक आहे. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरत असताना बनेई ब्राकचे ज्येष्ठ रब्बी हाईम कनीएव्हस्की यांच्या सांगण्यावरून धर्मपाठशाळा सुरुवातीला चालू राहिल्या. महिनाअखेरीस त्यांनीच एकत्र प्रार्थना करू नये असे सांगितले आणि अनुयायांनी तेही ऐकले. मधल्या आठवड्यांत शहरात साथ वेगाने पसरली आणि एप्रिलच्या आरंभी शहराची नाकेबंदी करावी लागली. आज्ञापालनाची शिस्त दोन्ही वेळा तेवढीच होती.

याच्या उलट, १८३१ च्या कॉलऱ्यात पोझेन शहरातील रब्बी अकिवा आयगर यांनी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, एका वेळी मोजकीच माणसे असावीत, असा नियम घालून प्रार्थना पाळ्यांमध्ये वाटल्या. धर्मशास्त्र दोघांचे एकच. वैद्यकीय माहिती त्या धर्मगुरूपर्यंत किती लवकर पोहोचते आणि तो कुणाचे ऐकतो, यावर पुढचे सर्व अवलंबून राहते. तंबाखूच्या बाबतीत लागलेल्या विलंबाचे उत्तरही मला याच्यातच दिसते. जे व्यसन मोठमोठ्या धर्मपंडितांनाच होते, त्याला निषिद्ध म्हणणे म्हणजे मागच्या पिढीला दोषी ठरवणे झाले असते.

शहाळं

हा धागा दोन दिवस वाचत होते. मी ठाण्याची, बेने इस्राएल या मूळच्या कोकणातल्या ज्यू समाजातील आहे. वरची चर्चा मुख्यतः अश्केनाझी समाजाविषयी झाली, म्हणून आमच्याकडचे थोडे लिहिते.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. रब्बी नाहीत, तालमूद नाही, अशा स्थितीत कित्येक शतके जे टिकले ते स्वयंपाकघरात टिकले. माझी आजी कोळंबी, खेकडे आणि मोरी घरात आणू देत नसे. खवले आणि पर असलेलीच मासळी चालते. मांसाच्या कालवणात दही-दूध चालत नाही, म्हणून नारळाचा रस. तब्येतीला चांगले म्हणून हे करतो, असे आजीच्या तोंडून मी कधीही ऐकले नाही. आपल्यात असे करतात, एवढेच ती म्हणे. त्यामुळे अबरबानेल यांचे म्हणणे मला ओळखीचे वाटले. नारळाच्या रसातले मटण रोज खाल्ले तर डॉक्टर काय म्हणतील, हे वेगळे सांगायला नको. आमच्यातही मधुमेही आणि हृदयरोगी भरपूर आहेत.

आजारपणात आमच्याकडे एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलतात. बरे वाटले की भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि सुकामेवा यांचा मलिदा करून, ताटात फळे मांडून प्रार्थना म्हणतात. मात्र नवस बोलल्यामुळे डॉक्टरकडे जायचे राहिले, असे मी आमच्या कुटुंबांत पाहिलेले नाही. डॉ. जेरुशा झिराड आमच्याच समाजातल्या होत्या. १९२८ ते १९४७ या काळात त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९२५ साली मुंबईत सुधारणावादी ज्यू धर्मसंघ स्थापन करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. धर्मकार्य आणि प्रसूतिगृह या दोन्हींना त्यांनी आयुष्य दिले, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

माझा एक प्रश्न आहे. घरातील वडीलधारी मंडळी मधुमेह असूनही योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास सोडायला तयार होत नाहीत. देवापुढे हिशेब द्यायच्या दिवशी कसे खाऊ, असे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

दूरदेशी

@शहाळं, हा प्रश्न माझ्यासमोर दर वर्षी येतो. रुग्णाला खायची परवानगी आहे, असे म्हटले की तो ती नाकारतो, कारण परवानगी नाकारणे त्याला भक्तीचे वाटते. म्हणून शब्द नेमके वापरावे लागतात: ज्याच्या जिवाला उपवासाने धोका आहे, त्याला खाणे बंधनकारक आहे आणि त्या दिवशी त्याचे धर्मपालन खाण्यातच आहे. हे डॉक्टरपेक्षा रब्बींनी सांगितले तर लवकर पटते. १८४८ च्या कॉलऱ्यात विल्ना शहरात रब्बी इस्राएल सालांतेर यांनी योम किप्पूरच्या दिवशी लोकांना खाण्याचा आदेश दिल्याची हकीकत आजही सांगितली जाते. वडीलधाऱ्यांना ती जरूर सांगा.

ज्यांना अगदी थोडे थोडे खाऊन भागते, त्यांच्यासाठी हलाखात एक पद्धत आहे. एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर आकारमानाएवढे अन्न किंवा ४० मिलिलिटरच्या आत पेय घ्यायचे, मग साधारण नऊ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा घ्यायचे. माझे काही रुग्ण आदल्या दिवशीच औषधाच्या मापाचा छोटा पेला आणि घड्याळ मेजावर मांडून ठेवतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर एकदम उतरण्याचा त्रास असलेल्यांनी यावर विसंबू नये. साखर उतरली तर माप आणि घड्याळ बाजूला ठेवून ताबडतोब गोड पदार्थ घ्यायचा, त्यालाही धर्मशास्त्राची पूर्ण संमती आहे. औषधांची मात्रा बदलण्यासाठी सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

शहाळं

मनःपूर्वक आभार. ‘परवानगी’ आणि ‘बंधन’ यांतला फरक आमच्या घरी आजवर कुणी असा मांडलाच नव्हता. या वर्षी सण येण्यापूर्वी काकांना घेऊन डॉक्टरांकडे जाते आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या ज्येष्ठांनाही आधीच बोलून ठेवते. काय ठरते ते इथे कळवीन.